पसार झाला, सटकला, पळत सुटला, निघून गेला: इंग्रजीत सगळे 'रॅन अवे'च का?

मधुमालती

मंडळी, इथे इंग्रजीचे जाणकार बरेच आहेत म्हणून हा धागा काढते आहे.

मी शिवाजीनगरला एका वकिलांच्या ऑफिससाठी जबाब, फिर्यादी, पंचनामे मराठीतून इंग्रजीत करून देते. पोलिसांची मराठी ज्यांनी वाचली आहे त्यांना माहीत असेल, तिथे माणूस नुसता जात नाही. 'अंधाराचा फायदा घेऊन पसार झाला', 'गर्दीचा फायदा घेऊन पळून गेला', 'आम्हांस पाहून पळू लागला', 'मोटारसायकलवरून भरधाव वेगाने निघून गेले', 'घरास कुलूप लावून कोठेतरी निघून गेला आहे'. आधी हे काम करणाऱ्यांच्या जुन्या फायली चाळल्या तर या सगळ्यांवर एकच औषध: 'रॅन अवे'. मोटारसायकलवाले दोघे 'रॅन अवे', कुलूप लावून गेलेला 'रॅन अवे', आणि एका फायलीत दावं तोडून गेलेली म्हैससुद्धा 'रॅन अवे'.

डिक्शनरी उघडली तर उलटा त्रास. 'रन ऑफ', 'मेक ऑफ', 'टेक ऑफ', 'क्लिअर ऑफ', 'क्लिअर आउट', 'स्लिप अवे', 'शूट ऑफ', 'डॅश ऑफ', 'स्टॉर्म आउट'. सगळ्यांपुढे अर्थ एकच, घाईने निघून जाणे. मग इतके ठेवलेत कशाला? कुठे कुठलं वापरायचं, आणि ऑफ, अवे, आउट यांत नेमका फरक काय?

खवचट_खारीक

मोटारसायकलवरून भरधाव वेगाने निघून गेले? घटनास्थळ पुण्याबाहेरचं दिसतंय. संध्याकाळी सात वाजता विद्यापीठ चौकात पायी पळणारा चोर आधी सुटेल.

निवृत्त_मास्तर

मधुमालतीताई, त्या फायलींत म्हशीचा अनुवाद तेवढा बरोबर आहे.

फ्रेझल व्हर्ब आम्ही शाळेत शिकवायचो ते कोष्टक आखून. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, करा पाठ. मुलं मार्क मिळवायची आणि दुसऱ्या दिवशी विसरायची. त्या कोष्टकात मुख्य गोष्टच नसायची.

मराठीत माणूस कसा गेला हे आपण बहुतेक वेळा क्रियापदाच्या बाहेर सांगतो. तणतणत गेला. लगबगीनं निघाली. पाय आपटत गेली. चिमणी भुर्रकन उडून गेली. क्रियापद बिचारं 'जाणे' नाहीतर 'निघणे'. इंग्रजीचा कारभार उलटा आहे. कसा गेला ते क्रियापदात कोंबायचं आणि 'गेला' एवढंच ऑफ, अवे, आउटवर सोपवायचं. 'स्टॉर्म्ड आउट' मध्ये स्टॉर्म म्हणजे आपलं तणतणत, आणि आउट म्हणजे बाहेर गेली. 'लिम्प्ड ऑफ' म्हणजे लंगडत गेला. 'रोअर्ड ऑफ' म्हणजे सायलेन्सर बदललेल्या बुलेटवरून गेला. एकदा ही खोड लक्षात आली की यादी पाठ करायची गरज उरत नाही. चालीचं किंवा आवाजाचं कुठलंही क्रियापद घ्या, मागे ऑफ लावा, बहुतेक वेळा चालून जातं. तुमच्या मोटारसायकलवाल्यांना 'स्पेड ऑफ' म्हणा. भरधाव त्यातच आलं.

आता शेपट्या. 'आउट' लागतं ते जिथून गेला ती जागा बंदिस्त असेल तर: खोली, दुकान, सभागृह. महापालिकेत विरोधक 'सभात्याग' करतात ते 'वॉक आउट'. 'अवे' मध्ये अंतर दिसतं. जुन्या इंग्रजीत तो 'ऑन वेग' असा होता, म्हणजे वाटेवर, वाटेला लागलेला. आणि 'ऑफ' म्हणजे चिकटलेलं सुटणं. 'ऑफ' आणि 'ऑव्ह' हा मुळात एकच शब्द. जोर देऊन उच्चारला की ऑफ, पुढे त्याचे दोन झाले. त्यामुळे 'ऑफ'ला झटका आहे. 'रन अवे' केलेला मुलगा घर सोडून गेलेला असतो, 'रन ऑफ' केलेला मुलगा नुसता खेळायलाही गेलेला असू शकतो.

हे परक्यांना जड जातं यात नवल नाही. डॉ. जॉन्सननं १७५५ च्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेत हेच लिहून ठेवलं आहे की परदेशी माणसाला सगळ्यात जास्त अडचण इथे येते. त्यानं उदाहरणंही दिली आहेत. 'सेट आउट' म्हणजे प्रवासाला निघणं, 'कम ऑफ' म्हणजे युक्तीनं निसटणं. आणि 'टेक ऑफ'? नक्कल करणं! विमानं यायला अजून जवळजवळ दीडशे वर्षं होती.

येरवड्याची_रेवा

मास्तर, अगदी नेमकं. भाषाशास्त्रात लेनर्ड टाल्मी यांनी १९८५ च्या सुमारास यावर बरंच लिहिलं. हालचालीची दिशा क्रियापदात ठेवणाऱ्या भाषा आणि ती बाहेर, शेपटीवर ठेवणाऱ्या भाषा असे दोन ढोबळ गट. इंग्रजी, जर्मन दुसऱ्या गटात; स्पॅनिश, फ्रेंच आणि बऱ्याच अंशी आपली मराठी पहिल्या.

पण बऱ्याच अंशीच. सटकणे, निसटणे, उधळणे, सुटणे ही मराठी क्रियापदं काय कमी आहेत? 'सुटणे' तर बघाच. 'कुत्रं दिसताच तो पळत सुटला.' हे 'ही टुक ऑफ रनिंग' च्या इतकं जवळ आहे की आणखी जवळ जाता येणार नाही. दोन्हीकडे एक क्षण आहे, थांबलेला माणूस एकदम गतीत येतो तो. 'पळून गेला' मध्ये तो क्षण नाही, तिथे माणूस नजरेआड झालेला आहे. मधुमालती, तुझ्या 'आम्हांस पाहून पळू लागला' ला मी 'टुक ऑफ' देईन. 'रॅन अवे' नाही. पळू लागला म्हणजे गेला असं होत नाही, पुढच्या ओळीत तो पकडला गेलेला असू शकतो.

मधुमालती

पकडलाच आहे, पन्नास फुटांवर :) म्हणजे पन्नास फूट जबाबातले, मी मोजले नाहीत.

सात_पंधरा

सुटणे निघालंच आहे तर आमच्या गाडीबद्दल. डेक्कन क्वीन पुण्याहून सकाळी सव्वासातला सुटते. १ जून १९३० पासून ही राणी धावते आहे आणि इतक्या वर्षांत कुणी 'गाडी गेली' म्हटलं की समजावं, तो फलाटावर उभा आहे. आत बसलेला म्हणतो 'सुटली'. इंग्रजीत रेल्वेचं खास क्रियापद 'पुल आउट'. इंजिन डबे ओढत फलाटातून बाहेर काढतं. येताना 'पुल इन'. त्यात घाई मात्र नाही. पळत जाऊन डबा पकडणारा घाईत असतो, गाडी नसते.

अवांतर झालं, पण राहवेना.

कज्जेदलाल

सगळं वाचलं. मास्तर आणि रेवाताई, भाषेच्या तासाला शंभरपैकी शंभर. पण ताईंचं काम भाषेच्या तासाचं नाही. मी वकिली करतो, सबब थोडं थंड पाणी ओततो.

साक्षीदाराचा जबाब भाषांतर करताना आपली बुद्धी खुंटीला टांगायची. तो 'पळून गेला' म्हणाला, तुम्ही 'मेड ऑफ' लिहिलंत, की तुम्ही साक्षीदाराच्या तोंडी एक आरोप घातलात. 'मेक ऑफ' मध्ये चोराचा वास आहे. सज्जन माणूस घाईत गेला तर इंग्रज त्याला 'मेड ऑफ' म्हणत नाही. 'मेक ऑफ विथ' म्हटलं की हातात काहीतरी आहेच, आणि ते दुसऱ्याचं आहे. उद्या बचावाचा वकील मूळ मराठी जबाब वाचून दाखवेल, त्यात वास नसेल, आणि तुमचा अनुवाद आपटेल.

त्याहून वाईट 'अ‍ॅबस्कॉन्ड'. हा शब्द अनुवादकांना फार आवडतो, वजनदार वाटतो. पण तो कायद्याचा शब्द आहे. समन्स, वॉरंट चुकवण्यासाठी लपून राहणं असा त्याचा अर्थ. लॅटिन मुळातच लपवणं आहे, पळणं नाही. माणूस घरातल्या माळ्यावर लपला तरी तो अ‍ॅबस्कॉन्ड झाला. फरारी जाहीर करण्याची स्वतंत्र प्रक्रिया आहे. पूर्वी दंड प्रक्रिया संहितेचं कलम ८२, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ८४. कोर्ट उद्घोषणा काढतं, हजर व्हायला किमान ३० दिवस देतं. पोलिसांच्या कागदावर तोवर तो नुसता 'पाहिजे आरोपी'. कुलूप लावून गेलेल्याला तुम्ही अनुवादात अ‍ॅबस्कॉन्ड करून टाकलंत तर कोर्टाचं काम तुम्हीच केलंत. तिथे 'हॅज लॉक्ड द हाउस अँड गॉन अवे समव्हेअर'. मराठीत 'कोठेतरी' आहे, तेही सोडायचं नाही. कदाचित तो गाणगापूरला गेला असेल.

तेव्हा ज्यांनी सगळीकडे 'रॅन अवे' लिहिलं ते आळशी असतील, पण त्यांनी कुणाचं नुकसान केलेलं नाही. मोटारसायकलवाले सोडून.

निवृत्त_मास्तर

कज्जेदलाल, तुमचा मुद्दा मान्य, पण पूर्ण नाही. साक्षीदार जर 'पसार झाला' म्हणाला असेल तर मराठीतच वास आहे की. रोजच्या पेपरात 'चोरटे पसार', 'सोनसाखळी हिसकावून पोबारा'. पसार कोण होतं? देवळातून घरी जाणारा होत नाही. अशा वेळी 'वेंट अवे' लिहिलंत तर तुम्ही वास धुवून टाकलात. तोही बदलच.

कज्जेदलाल

साक्षीदार म्हणाला, की हवालदारानं लिहिलं? दहा साक्षीदारांचे जबाब काढून बघा, दहाही जण 'अंधाराचा फायदा घेऊन' बोलतात. भाजीवाल्या मावशीपासून बँकेतल्या साहेबापर्यंत. पसार हा पोलीस चौकीचा शब्द आहे. उलटतपासणीत पहिला प्रश्न हाच असतो, 'पसार हा शब्द तुम्ही वापरला होता का?'

पण ठीक, कागदावर पसार असेल तर 'फ्लेड'. साधं, जुनं, न्यायालयाला सवयीचं. फ्रेझल व्हर्ब नाही, पण काम करतं.

लीड्सकर

इथल्या कायद्याची एक गंमत. इंग्लंडमध्ये 'मेकिंग ऑफ विदाउट पेमेंट' नावाचा गुन्हाच आहे, थेफ्ट अ‍ॅक्ट १९७८, कलम ३. हॉटेलात जेवून, पंपावर पेट्रोल भरून पैसे न देता चालू पडणं. म्हणजे ज्या शब्दाला कज्जेदलाल वास मारतोय म्हणतात तो संसदेनं कायद्यात घातला, वासासकट. बोलण्यात त्यालाच 'डू अ रनर'.

बाकी रोजच्या बोलण्यात इथे सरळ 'आय अ‍ॅम लीव्हिंग' फार कमी ऐकू येतं, ते नोकरी सोडताना. एरवी 'आय मस्ट डॅश', 'आय'ल शूट ऑफ', आणि आमच्या यॉर्कशरात 'बेटर गेट ऑफ'. नवीन आलेला भारतीय 'गेट ऑफ' ऐकून बस शोधतो. 'निप आउट' आणि 'पॉप आउट' हे वेगळे. त्यात घाई आहे पण परत येणंही आहे. कोपऱ्यावरून दूध आणायला जाणारा निप आउट करतो. चोराला 'निप्ड आउट' म्हटलंत तर तो दागिने ठेवून चहाला गेला असं वाटेल.

आणि सांभाळायचा एक: 'पुश ऑफ'. स्वतःबद्दल म्हटलं तर मैत्रीचं, 'चला, निघतो आता'. समोरच्याला म्हटलं तर 'चालता हो'. 'क्लिअर ऑफ', 'बझ ऑफ' मात्र समोरच्यालाच, आणि उद्धटच. याच घरातलं आणखी एक आहे ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, इथे लिहीत नाही.

कुकरची_शिट्टी

लीड्सकर, हे मराठीत जसंच्या तसं आहे हो! 'चला, पळते मी, कुकर लावायचाय.' किती सभ्य वाक्य. सासूबाईंसमोरसुद्धा चालतं. तेच 'ती पळाली' म्हटलं की पेठेत चर्चा सुरू, कुणाबरोबर? आणि समोरच्याला 'पळ!' म्हटलं तर नात्यावर अवलंबून. लेकराला 'पळ, बस येईल' ही माया आहे, भाडेकरूला 'पळा' हा वाद आहे.

इंग्रजीत पण 'आय हॅव टु रन' चालतं आणि 'शी रॅन ऑफ' म्हटलं की लोक पुढचं 'विथ' ऐकायला कान टवकारतात.

खवचट_खारीक

'कुणाबरोबर' साठी मराठीत 'विथ' लागत नाही. 'शेजारच्यांची मुलगी पळाली' एवढं पुरतं. मुलगा कधी पळत नाही, तो 'तिच्या नादी लागतो'.

कज्जेदलाल

खारीक, हसण्यावारी नेलंत, पण हाच माझा रोजचा व्यवसाय आहे. फॅमिली कोर्टातल्या दोन अर्जांकडे बघा, एकाच संध्याकाळबद्दल. नवऱ्याच्या अर्जात: 'गैरअर्जदार ही किरकोळ कारणावरून भांडण करून माहेरी निघून गेली.' बायकोच्या अर्जात: 'मारहाण करून नेसत्या वस्त्रानिशी घराबाहेर काढले.' दार तेच, उंबरा तोच.

आता 'भांडण करून निघून गेली' इंग्रजीत कसं न्याल? 'शी स्टॉर्म्ड आउट' लिहिलंत की ती तापट झाली. 'शी वॉक्ड आउट ऑन हिम' लिहिलंत की तिनं संसार टाकला, कारण या 'ऑन' मध्ये मागे राहिलेल्याला वाऱ्यावर सोडल्याचा आरोप आहे. 'शी लेफ्ट' लिहिलंत तर काहीच झालं नाही. हिंदू विवाह कायद्यात सोडून जाणं हे घटस्फोटाचं कारण आहे, पण सलग किमान दोन वर्षं आणि वाजवी कारणाशिवाय. कारण वाजवी होतं की नाही, तिथेच सगळा खटला. आणि अनुवादक एका शेपटीत त्याचा निकाल लावून मोकळा. मी अशा ठिकाणी 'आफ्टर अ क्वॉरल, शी लेफ्ट फॉर हर पेरेंट्स हाउस' करतो. भांडण वेगळं, जाणं वेगळं. दोघांची गाठ कोर्टानं मारावी.

मधुमालती

हे फार कामाचं आहे. असे दोन अर्ज आत्ता टेबलावरच आहेत. 'निघून गेली' ला 'शी रॅन ऑफ' सुचवणाऱ्या त्या अ‍ॅपला आता मीच चालतं करते.

लालमहाल

पुण्यातला धागा आणि पुण्यातलं सगळ्यात गाजलेलं पलायन कुणी काढलं नाही? एप्रिल १६६३, लाल महाल. शायिस्ताखान रात्री झोपेतून उठून पळाला, बोटं गमावून. आणि महाराज काम उरकून, छावणीतून, हजारोंच्या फौजेतून निघून गेले. दोघेही घाईतच गेले. पण दोघांना एकच इंग्रजी क्रियापद लावून बघा, लावता येत नाही. खान 'फ्लेड'. महाराज 'गॉट अवे'.

'गेट अवे' आणि 'रन अवे' मधला हा फरक वर कुणी सांगितला नाही. 'रन अवे' म्हणजे पळण्याची क्रिया, यश मिळो न मिळो. 'गेट अवे' म्हणजे निसटण्यात यश आलं. 'ही रॅन ऑफ बट वॉज कॉट' बरोबर, 'ही गॉट अवे बट वॉज कॉट' विचित्र. मराठीत पळणे आणि निसटणे. १६६६ साली आग्र्याहूनही महाराज निसटले, पळाले असं कुठलाही मराठी माणूस लिहीत नाही.

खानाला त्यानंतर औरंगजेबानं बंगालला धाडलं, त्याला मराठीत गच्छंती म्हणतात. पण ते जाणं स्वतःच्या घाईनं नव्हतं.

फेज_तीन

हिंजवडीतून दोन गोष्टी.

एक, कज्जेदलाल यांचा 'अ‍ॅबस्कॉन्ड' आमच्याकडे एचआरच्या सिस्टिममध्ये ड्रॉपडाउनमध्येच आहे. नोटीस पिरियड न भरता यायचं बंद केलं, फोन उचलला नाही, की तिसऱ्या मेलमध्ये माणूस 'अ‍ॅबस्कॉन्डिंग'. समन्स नाही, वॉरंट नाही. तो बिचारा बाणेरच्या दुसऱ्या कंपनीत पहिल्या दिवसाचा लंच करत असतो. परदेशी क्लायंटला हे मेल चुकून सीसी झालं की ते घाबरतात, त्यांना वाटतं याने पैसे खाल्ले.

दोन, कॉलवरून निघणं. आमच्यात 'आय हॅव टु ड्रॉप' सर्रास चालतं, अमेरिकन टीमकडून आलेलं. एका सहकाऱ्यानं ब्रिटिश मॅनेजरला संध्याकाळच्या कॉलवर त्यालाच 'ऑफ' लावून सांगितलं, 'सॉरी, आय अ‍ॅम गोइंग टु ड्रॉप ऑफ नाऊ.' पलीकडे दोन सेकंद शांतता, मग तो म्हणाला, 'इज इट दॅट डल?' ब्रिटनमध्ये 'ड्रॉप ऑफ' म्हणजे डुलकी लागणं. कॉल खरंच कंटाळवाणा होता म्हणे, त्यामुळे सारवासारव आणखी अवघड गेली.

लीड्सकर

हाहा, बरोबर आहे. 'जंप ऑफ' किंवा 'हॉप ऑफ' म्हणा, सुरक्षित.

कुकरची_शिट्टी

मला एक विचारायचंय. 'पोबारा' आणि 'गाशा गुंडाळणे' हे कुठून आलं? धाग्यात पोबारा वाचल्यापासून डोक्यात घोळतंय.

येरवड्याची_रेवा

पोबारा सोंगट्यांच्या खेळातला. फाशांचं एक दान, पौ आणि बारा. हिंदीत 'पौ बारह होना' म्हणजे नशीब उघडणं, चांगलं दान पडणं. आपण मात्र ते दान पडताच पळ काढला. एकाच फाशाचे दोन शेजारी दोन अर्थ घेऊन गेले.

गाशा म्हणजे घोड्याच्या खोगिरावर टाकायचं कापड. ते गुंडाळलं म्हणजे मुक्काम हलला. इंग्रजीत 'डिकँप' अगदी याच वळणाचा, फ्रेंचांकडून आलेला, छावणी उठवणं. त्यात तंबू आहे, आपल्यात घोडा आहे. दोन्हीकडे जाणारा मागे काही ठेवत नाही, म्हणून एका रात्रीत ऑफिस बंद करून गेलेल्या भिशीवाल्याला दोन्ही चपखल बसतात. चंबूगबाळं आवरणारा त्या मानानं गरीब. त्याच्याकडे एक चंबू आणि एक गबाळं.

सैन्याकडून आलेले आणखी आहेत. 'स्केडॅडल' अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६१ च्या सुमारास, रणांगणातून पाय काढणाऱ्यांसाठी लोकप्रिय झाला. 'व्हमूस' स्पॅनिश 'व्हामोस' वरून, म्हणजे नुसतं 'चला'. आणि न सांगता सटकणं याला इंग्रज 'फ्रेंच लीव्ह' म्हणतात, फ्रेंच लोक त्यालाच 'इंग्रजी पद्धतीनं निघणं' म्हणतात.

खवचट_खारीक

लग्नाच्या पंगतीतून आहेर न देता काढता पाय घेणाऱ्याला सदाशिव पेठेत काय म्हणतात ते माहीत आहे, पण ते एका शेजारच्या पेठेचं नाव आहे. लिहिलं तर धागा पेटेल.

निवृत्त_मास्तर

'काढता पाय' बरा आठवला. याला इंग्रजीत 'स्लिप आउट', 'स्लिप अवे' बसतं, पण पूर्ण नाही. काढता पाय घेणारा वातावरण तापलेलं पाहून निघतो. सभा संपत आली, वर्गणीची वही फिरायला लागली, की याचा पाय निघाला. 'स्लिप आउट' करणाऱ्याला फक्त कुणाला कळू द्यायचं नसतं, कारण काही का असेना. तेव्हा कारणासाठी वेगळं वाक्य घालावं लागतं. एका शब्दात एक शब्द बसवायचा हट्ट धरला की अनुवाद फसतो.

मधुमालती

सगळ्यांचे आभार, बरंच सुटलं. एक वाक्य मात्र अडलंय. एका हवालदाराचा जबाब आहे, आरोपीला ससूनला तपासणीसाठी नेताना तो गेला. जबाबात आहे, 'माझे हातास हिसडा देऊन गर्दीत पळून गेला.' त्याच घटनेची बातमी जोडली आहे, तिच्यात 'पोलिसांच्या हातावर तुरी देऊन पळाला'. वकीलसाहेबांना दोन्ही इंग्रजीत हवंय. 'गेव्ह द स्लिप' दोन्हीकडे चालेल का?

कज्जेदलाल

अजिबात नाही. इथे त्या हवालदाराची नोकरी आहे.

ताब्यातून आरोपी निसटू देणं, तेही निष्काळजीपणानं, हा पोलिसावरचाच गुन्हा होतो. खातेनिहाय चौकशी वेगळी. 'हिसडा देऊन' म्हणजे त्यानं धरून ठेवलं होतं, जोर लावून समोरचा सुटला. 'हातावर तुरी देऊन' म्हणजे हा बेसावध होता, त्यानं बनवलं. 'गेव्ह द स्लिप' मध्ये बनवणं आहे, जोर नाही. ते फक्त बातमीला लावा.

जबाबाला 'जर्क्ड हिज हँड फ्री फ्रॉम माय ग्रिप अँड रॅन अवे इंटू द क्राउड'. 'ब्रोक अवे' सुद्धा चाललं असतं, पण मराठीत हात आहे, हिसडा आहे, ते दोन्ही दिसू द्या. आणि 'रॅन अवे' राहू द्या. तो खरोखरच पायांनी पळालाय.

हिसडा कुणी कुणाला दिला हे वाक्यात स्पष्ट हवं, हेही बघा. मागे एका अनुवादात हवालदारानंच आरोपीला हिसडा दिला होता, आणि मग पळाला कोण यावर अर्धा तास गेला.